इंजिन म्हणतं +१.८. बरं, पण का?

अडीच घर (धागाकर्ता)

माणसाचा विचार आणि यंत्राचा विचार यावर इथे आधीही धागे निघालेत. त्यांचं पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. विसाव्या प्रतिसादाला चैतन्य येतं, चाळिसाव्याला उपनिषदं येतात आणि साठाव्याला धागा वाचनमात्र होतो. म्हणून या वेळी मैदान लहान घेऊ. चौसष्ट घरं. बुद्धिबळात माणूस आणि यंत्र एकाच नियमांनी एकच काम करतात आणि दोघांची प्रत्येक खेळी कागदावर राहते. इतकी स्वच्छ तुलना दुसरीकडे मिळणं अवघड. (शीर्षकातलं इंजिन म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम, आणि +१.८ म्हणजे त्याच्या मते पांढरा जवळपास दोन प्याद्यांइतका पुढे.)

नेहमीचं उत्तर असं की यंत्र आकडेमोड करतं आणि माणसाला आतून सुचतं. मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला आयबीएमच्या डीप ब्लू या संगणकाने जगज्जेत्या कास्पारोव्हला ३.५–२.५ ने हरवलं तेव्हा हे उत्तर अगदी चपखल बसायचं. ते यंत्र सेकंदाला साधारण २० कोटी स्थिती तपासत होतं. माणूस सेकंदाला दोन-तीन बघत असेल तर खूप झालं. तरी सामना सहा डाव चालला आणि त्यातले तीन बरोबरीत सुटले. मग त्या दोन-तीन स्थितींमध्ये एवढं काय असतं?

यावरचं सगळ्यात चांगलं काम संगणक येण्याआधीचं आहे. आड्रियान द ख्रोट नावाचा डच मानसशास्त्रज्ञ, स्वतः बुद्धिबळ ऑलिंपियाड खेळलेला. त्याने आलेखिन, युवे, केरेस अशा दिग्गजांपासून क्लबातल्या खेळाडूंपर्यंत अनेकांसमोर पट मांडला आणि सांगितलं, जो विचार कराल तो मोठ्याने बोलत करा. सगळ्यांची अपेक्षा अशी की दिग्गज दहा-पंधरा खेळ्या पुढचं बघत असणार. तसं काही निघालं नाही. किती पुढचं बघितलं आणि किती खेळ्या तपासल्या यात दिग्गज आणि क्लबातला चांगला खेळाडू यांच्यात फारसा फरक नव्हता. फरक होता तो कुठल्या खेळ्या बघायच्या यात. दिग्गजाच्या डोक्यात वाईट खेळी येतच नाही, त्यामुळे ती तपासण्यात त्याचा वेळ जात नाही.

पुढे १९७३ मध्ये चेस आणि सायमन यांनी (पहिल्याचं आडनाव खरंच चेस आहे, पण स्पेलिंग वेगळं) खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवली आणि ती आठवून मांडायला सांगितली. वीस-पंचवीस सोंगट्यांपैकी मास्टरला सोळाच्या आसपास बरोबर जमल्या, नवशिक्याला चार. मग त्याच सोंगट्या वाटेल तशा विखरून ठेवल्या, तर मास्टरही तीन-चारवर आला. म्हणजे स्मरणशक्ती तल्लख होती असं नव्हे. त्याला सोंगट्या सुट्या दिसतच नव्हत्या. 'कॅसलिंग झालेला राजा, पुढे तीन प्यादी, त्यावर रोखलेला उंट' असा एक गठ्ठा दिसत होता.

आता माझा मुद्दा. माणूस पटावर कारणं बघतो. "हा घोडा इथून हलत नाही, म्हणून तो उंट निकामी आहे, म्हणून मी डावीकडे खेळणार." ही 'म्हणून'ची साखळी हाच त्याचा विचार. इंजिन कुठलीही 'म्हणून' न वापरता +१.८ वर पोचतं, आणि आपल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा बरोबर असतं.

या साखळीचा फायदा दाखवणारी एक स्थिती सांगतो. २०१७ मध्ये रॉजर पेनरोझ यांच्या नावाच्या संस्थेने ती कोडं म्हणून दिली होती. काळ्याकडे वजीर, दोन हत्ती आणि तीन उंट. तिन्ही उंट काळ्या घरांवरचे. पांढऱ्याकडे फक्त राजा आणि चार प्यादी. इंजिनांनी काळा प्रचंड पुढे असल्याचा कौल दिला. पण नीट बघा. काळ्याचा वजीर आणि दोन्ही हत्ती पटाच्या डाव्या कडेला स्वतःच्याच प्याद्यांमागे चिणले गेलेत. मोकळे आहेत ते फक्त उंट आणि ते तिघेही पांढऱ्या घराला कधीच हात लावू शकत नाहीत. पांढऱ्याने राजा पांढऱ्या घरांवर फिरवत ठेवायचा, बस्स. डाव बरोबरीत. खेळता येणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला हे पाच मिनिटांत पटतं, कारण त्याला मोजायचं नसतं, 'कधीच' हा शब्द समजलेला असतो.

गावात मुलांना खेळ शिकवतो, म्हणून हा विषय डोक्यात घोळतोय. हल्ली स्पर्धेच्या हॉलबाहेर पालक मोबाइलवर डाव चढवतात आणि बाजूची, कोण किती पुढे ते दाखवणारी काळी-पांढरी पट्टी बघून पोराला झापतात. पट्टी का घसरली हे पोराला कळत नाही, पालकांनाही नाही, आणि मोबाइल तर सांगतच नाही. तुमचे अनुभव आणि मतं येऊ द्या. उपनिषदं जरा थांबवा.

खडूस

यंत्राला जिंकल्यावर पेढे वाटावेसे वाटतात का? नाही ना? झाला फरक. धागा बंद करा.

कोडवाला

@खडूस, तुम्हालाही वाटत नाहीत, तुम्ही फक्त खाता.

@अडीच घर, मांडणी झकास, पण तुमचं यंत्र १९९७ वर अडकलंय. 'वाईट खेळ्या न तपासता टाकून देणं ही माणसाची खासियत' हे डिसेंबर २०१७ पर्यंत चाललं असतं. त्या महिन्यात गूगलच्या डीपमाइंड कंपनीचं अल्फाझीरो हे इंजिन आलं. त्याला नियम सोडून काहीच शिकवलं नव्हतं. ना सुरुवातीच्या चाली, ना 'वजीर म्हणजे नऊ गुण' असलं काही. स्वतःशीच ४ कोटी ४० लाख डाव खेळून ते शिकलं आणि स्टॉकफिश या नावाजलेल्या इंजिनला भारी पडलं. यातला बघण्यासारखा आकडा असा: स्टॉकफिश सेकंदाला साधारण ६ कोटी स्थिती बघत होतं, अल्फाझीरो फक्त ६० हजार. हजारपट कमी! म्हणजे तेही बहुतांश खेळ्या ढुंकूनही न बघता टाकून देत होतं. पट पाहिल्या पाहिल्या 'इथे काहीतरी आहे' असं सांगणारं एक जाळं (न्यूरल नेटवर्क) त्याच्यात आहे. तुमच्या दिग्गजाला वाईट खेळी सुचत नाही, त्यालाही सुचत नाही. २०२० पासून स्टॉकफिशमध्येही तसलं छोटं जाळं बसवलंय.

गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी बुद्धिबळाच्या प्रोग्रामवरच्या १९५० च्या लेखात दोन रस्ते सांगितलेच होते: एक, सगळ्या खेळ्या काही खोलीपर्यंत तपासा, दोन, निवडक खेळ्याच तपासा. दुसरा रस्ता माणसाचा असं तेव्हा समजायचे. आता तिथेही ट्रॅफिक आहे.

म्हणून 'मोजणं विरुद्ध अंतर्ज्ञान' ही वाटणी गेली. अंतर्ज्ञान यंत्राकडेही आहे. उरतं ते तुमचं 'म्हणून'. त्यावर भांडायला तयार आहे.

सईची आई

ते मोबाइलवाले पालक म्हणजे आम्हीच :) पण एक सांगू का, आम्हाला खेळ येत नाही. पोरगी चार तास आत बसून रडवेली बाहेर येते, तेव्हा काय झालं हे समजायला दुसरा मार्गच नसतो. प्रशिक्षक दुसऱ्या मुलांमध्ये अडकलेले असतात.

खटकतं ते वेगळंच. ती स्वतः आता खेळीचं कारण सांगत नाही. "हीच का खेळलीस?" विचारलं तर उत्तर येतं, "इंजिनच्या यादीत सगळ्यात वर होती." पुढे विचारलं तर चिडते. गणितात पायऱ्या न दाखवता उत्तर लिहिलं तर मार्क कापतात, इथे उलट शाबासकी मिळते.

गोदाकाठ

मानसशास्त्र शिकवण्यात उभी हयात गेली, त्यामुळे राहवत नाही. 'म्हणून'ची साखळी माणसाची ताकद आहे हे खरं, पण ती पायातली बेडीही आहे, आणि याचा पुरावाही बुद्धिबळातूनच आलाय.

बिलालिच, मॅक्लॉड आणि गोबे या तिघांनी २००८ मध्ये एक सुंदर प्रयोग छापला. तरबेज खेळाडूंना अशी स्थिती दिली की तिच्यात एक सुप्रसिद्ध मात दडलेली आहे. वजिराचा बळी द्यायचा आणि आपल्याच सोंगट्यांनी कोंडलेल्या राजाला घोड्याने मात करायची. कुठल्याही मुरलेल्या खेळाडूला ती लगेच दिसते. पण त्याच स्थितीत त्याहून कमी खेळ्यांची, साधी मातही होती. सूचना होती, सर्वांत छोटा मार्ग शोधा. पुष्कळांना तो सापडला नाही. ओळखीचा मार्ग बंद करून तीच स्थिती दिली, की मात्र छोटा मार्ग दिसायचा.

पुढचा भाग तर फारच बोलका. प्रयोगात डोळ्यांच्या हालचाली टिपत होते. खेळाडू म्हणत होते, "हो, मी दुसरा मार्ग शोधतोय." आणि नजर फिरत होती पहिल्या कल्पनेशी संबंधित घरांवरच. खोटं बोलत नव्हते ते. आपण शोधतोय असं त्यांना मनापासून वाटत होतं.

इंजिनाला असला मोह पडत नाही. पाच खेळ्यांपूर्वी आपण राजावर हल्ला चढवायचं ठरवलं होतं, हे त्याच्या हिशेबात नसतं. समोर जी स्थिती आहे तिचाच विचार. माणूस मात्र आपल्या आधीच्या विचाराशी लग्न लावून बसलेला असतो. "एवढं तिकडे सैन्य नेलं, आता माघारी कसं आणू?" घरोघरी हेच चालतं, पटापुरतं नाही.

वऱ्हाडी

काय बाप्पा, नागपूरचं नाव कोणीच घेतलं नाही अजून! आमच्या दिव्या देशमुखने २०२५ च्या जुलैत जॉर्जियातल्या बातुमीला महिलांचा विश्वचषक मारला, तोही अंतिम फेरीत कोनेरू हंपीला टायब्रेकरमध्ये हरवून. आणि तिथूनच थेट ग्रँडमास्टर.

मुद्द्यावर येतो. इंजिनची पट्टी बघत सामना पाहणाऱ्या लोकांना १२ डिसेंबर २०२४ चा, सिंगापूरच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यातला चौदावा डाव आठवतो का? गुकेश आणि डिंग लिरेन, गुण ६.५–६.५. डावाच्या शेवटी दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट. गुकेशकडे एक प्यादं जास्त, पण इंजिनच्या हिशेबाने डाव सपाट, बरोबरी. बघणारे अर्धे लोक टायब्रेकरच्या गप्पा मारत होते. गुकेश उठेचना. नुसता दाबत राहिला. पंचावन्नाव्या खेळीला डिंगने हत्ती एफ२ वर ठेवला आणि संपलं! हत्ती मारामारी करून गेले, मग उंटही गेले, आणि उरलेल्या राजा-प्याद्यांच्या लढतीत ते जास्तीचं प्यादं जिंकलं. अठरा वर्षांचं पोरगं जगज्जेतं झालं.

आता सांगा, इंजिन चुकलं का? नाही. बरोबर खेळलं तर बरोबरीच होती. पण समोर कोण बसलंय, तो किती थकलाय, त्याच्या घड्याळात किती मिनिटं राहिलीत आणि हरायची भीती त्याला किती आहे, हे गुकेशच्या विचारात होतं. इंजिन पटाशी खेळते, माणूस माणसाशी खेळतो.

कोडवाला

@वऱ्हाडी, हे झक्कास उदाहरण आहे. फक्त एक: समोरच्याच्या चुकांचा अंदाज बांधणारी प्रारूपंही बनलीत. माइया नावाचं इंजिन 'उत्तम' खेळी शोधतच नाही. अमुक पातळीचा माणूस इथे काय खेळेल, चुकासकट, तेच शोधतं. म्हणजे ही जागाही राखीव नाही.

वऱ्हाडी

हो, पण त्याला ते शोधायला कोणीतरी सांगितलं ना. गुकेशला कोणी सांगितलं होतं?

क्योतोकर

जपानात राहतो, इथल्या गो (काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी पटावर जागा घेरायचा खेळ) क्लबात जातो (वयाने सगळे वडीलधारे, मी रोज हरतो). बुद्धिबळापेक्षा गोमध्ये ही चर्चा जास्त रंगते.

मार्च २०१६, सोल. डीपमाइंडचं गो खेळणारं अल्फागो विरुद्ध कोरियाचा दिग्गज ली सेडॉल, दुसरा डाव, सदतिसावी खेळी. यंत्राने पाचव्या रेषेवर अशा ठिकाणी सोंगटी ठेवली की समालोचकांना वाटलं मांडणाऱ्याच्या हातून चुकून पडली. अल्फागोच्या स्वतःच्या अंदाजानुसार माणसाने ती खेळी करण्याची शक्यता दहा हजारांत एक. ती खेळीच पुढे डाव घेऊन गेली. चौथ्या डावात ली सेडॉलने अठ्ठ्याहत्तराव्या खेळीला पाचर मारली आणि यंत्र भांबावल्यासारखं खेळून हरलं. सामना मात्र यंत्राने ४–१ ने घेतला. २०१९ मध्ये त्याने निवृत्ती घेतली. जिला हरवताच येत नाही अशी गोष्ट आता आहे, असं कारण दिलं.

गोष्ट इथे संपत नाही. २०२३ मध्ये केलिन पेलरिन या अमेरिकी हौशी खेळाडूने कॅटागो या गोच्या प्रोग्रामला पंधरापैकी चौदा डावांत हरवलं. कॅटागो कुठल्याही व्यावसायिक खेळाडूला सहज लोळवतं. युक्ती काय होती? एका कोपऱ्यात त्याला गुंतवायचं, आणि दुसरीकडे त्याच्या मोठ्या साखळीभोवती (एकमेकींना चिकटलेल्या सोंगट्यांभोवती) हळूहळू वेढा आवळत न्यायचा. साखळी स्वतःच वर्तुळासारखी फिरलेली असेल तर यंत्राला कळतच नाही की आपण घेरले जातोय. शेवटच्या दोन-तीन खेळ्या राहिल्या तरी निवांत. क्लबातला कोणीही नवशिका ओरडला असता.

गोमध्ये 'साखळी' आणि 'तिचे श्वास' (तिला लागून असलेल्या रिकाम्या जागा) ही पहिल्याच दिवशी शिकवायची गोष्ट. तीच यंत्राकडे आपल्यासारखी नव्हती. जे होतं ते लाखो डावांत पुरलं, आणि जिथे कोणी कधी खेळत नाही तिथे फाटलं. आता गंमत बघा: ही फट माणसाने शोधली नाही. एका दुसऱ्या प्रोग्रामने शोधली, आणि माणसाने ती बघून 'अच्छा, असं आहे होय' म्हणत आत्मसात केली. मूठभर डाव बघून, मधलं तत्त्व उचलून. ४ कोटी डाव लागले नाहीत. मला वाटतं अडीच घर यांचा 'म्हणून' इथे सापडतो.

शून्यसिद्ध

तुम्ही सगळे खेळणाऱ्या इंजिनांबद्दल बोलताय. लोक हल्ली 'एआय' म्हणतात ते गप्पा मारणाऱ्या प्रोग्रामना. त्यांच्याशी खेळून बघा, करमणूक होते. पहिल्या दहा खेळ्या छापील पुस्तकासारख्या, वर 'सिसिलियनमध्ये (डावाची एक ठरलेली सुरुवात) मध्यावर ताबा महत्त्वाचा' वगैरे प्रवचन. मग कधीतरी मेलेला उंट उठून शह देतो. त्याच्या हत्तीने स्वतःच्याच प्याद्यावरून उडी मारलेलीही पाहिली, आणि चूक दाखवली की अत्यंत नम्रपणे माफी मागून दुसरी बेकायदा खेळी.

म्हणजे अडीच घर यांच्या दुखण्याची उलटी बाजू. स्टॉकफिशकडे खेळी आहे, कारण नाही. याच्याकडे कारणं पोत्याने आहेत, खेळी नाही.

कोडवाला

बऱ्याच अंशी खरं. भर घालतो: 'त्याच्या डोक्यात पट नसतोच' असंही म्हणता येत नाही. ऑथेलो या खेळाच्या नुसत्या खेळ्यांच्या यादीवर एक लहान भाषा-प्रारूप (या गप्पा मारणाऱ्या प्रोग्रामच्याच जातीचं) शिकवून बघितलं, त्याला पट कधीच दाखवला नव्हता. आत डोकावल्यावर पटाची स्थिती दर्शवणारं काहीतरी तिथे आपोआप तयार झालेलं सापडलं. म्हणजे अक्षरांतूनही पट उभा राहू शकतो. तो किती पक्का राहतो हा पुढचा प्रश्न. मेलेला उंट उठतो तेव्हा पक्का राहिलेला नसतो हे उघड आहे.

निवांत

'माणूस कारणं बघतो' यावरून १९९७ चाच एक किस्सा. पहिल्या डावात कास्पारोव्ह जिंकत होता, तेव्हा डीप ब्लूने चव्वेचाळिसावी खेळी केली, हत्तीची. बुचकळ्यात टाकणारी. कास्पारोव्ह डाव जिंकला, पण ती खेळी त्याच्या डोक्यातून जाईना. यंत्राने ती का केली? रात्री बसून त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी छडा लावला की दुसरी खेळी केली असती तर फार पुढे जाऊन मात होती, म्हणजे यंत्राला तेवढं लांबचं दिसलं असणार.

डीप ब्लूच्या चमूतल्या मरे कॅम्पबेल यांनी नंतर जे सांगितलं त्यानुसार ती प्रोग्राममधली गडबड होती. यंत्राला निवड करता आली नाही आणि अशा वेळची सोय म्हणून त्याने वाटेल ती एक खेळी केली.

दुसऱ्या डावात यंत्र एका ठिकाणी हावरटासारखी प्यादी खाण्याऐवजी शांतपणे पट आवळत गेलं. कास्पारोव्ह हादरला, आत कोणी माणूस बसलाय असा संशय त्याने बोलून दाखवला, आणि डाव सोडून दिला. नंतरच्या विश्लेषणात दिसलं की त्या अंतिम स्थितीत शहांची मालिका देऊन बरोबरी शक्य होती. जगातला सगळ्यात मोठा खेळाडू ती शोधत बसला नाही, कारण 'याने एवढी ढोबळ गोष्ट सोडली असेलच कशी?' असं त्याने धरलं. पटावर नसलेली कारणं त्याने यंत्राच्या आत वाचली. २० कोटी स्थितींपेक्षा त्या वाचण्यानेच त्याला जास्त मारलं, असं माझं मत.

खडूस

थोडक्यात, समोरचा गप्प बसला की आपल्याला तो विद्वान वाटतो. आमच्या ऑफिसात एक साहेब यावरच निवृत्त झाले.

गोदाकाठ

@निवांत, वा! हे माझ्या प्रयोगापेक्षा जास्त चपखल आहे.

तिरकी चाल

अवांतर, पण फार अवांतर नाही. डीप ब्लूच्या खेळ्या पटावर करायला त्याच्या निर्मात्यांपैकीच कोणीतरी खुर्चीवर बसायचं. अल्फागोसाठी डीपमाइंडचे आजा हुआंग बसले होते. पुढे रोबोचा हातही आला. जुलै २०२२ मध्ये मॉस्कोच्या एका स्पर्धेत सात वर्षांच्या मुलाने रोबोची वेळ संपायच्या आत घाईने आपली सोंगटी हलवली, तर रोबोने त्याचं बोट धरलं ते सोडेचना. बोट मोडलं. कुठलंही मूल ही गोष्ट न शिकता जाणतं की पटावर आलेली प्रत्येक वस्तू सोंगटी नसते. जगज्जेत्याला हरवणं सोपं निघालं, सोंगटी उचलणं अवघड.

अडीच घर

उपनिषदं न येता धागा इथवर आला, सर्वांचे आभार.

@कोडवाला, अल्फाझीरोचं मान्य. मी 'टाकून देण्याला' जास्त वजन दिलं असं वाटत असेल, तर ते बाजूला ठेवू. पण निवांत आणि क्योतोकर यांचे किस्से शेजारी ठेवून वाचा. पेलरिनने यंत्राची फट बघून तत्त्व उचललं आणि पुढचे डाव जिंकले. कास्पारोव्हने प्रोग्राममधल्या गडबडीत तत्त्व वाचलं आणि पुढचा डाव गमावला. दोघांनी केलं एकच: थोडंसं बघून 'का' शोधला. एकाला तो खरा सापडला, दुसऱ्याला नसलेला सापडला. थोडक्या पाहण्यातून कारण काढायची ही खोड आपल्याला फार कमी डावांत शिकवते आणि भुताटकीही दाखवते. यातली एक बाजू ठेवून दुसरी काढून टाकता येईल असं मला वाटत नाही. अल्फाझीरोकडे भुताटकी नाही, पण त्याला ४ कोटी ४० लाख डाव लागले. माझ्या वर्गातलं मूल त्यातल्या शंभरेक डावांतच घोड्याचा दुहेरी मारा ओळखायला लागतं.

@सईची आई, तुमचा प्रश्न सगळ्यात कामाचा आहे. गुकेशचे तेव्हाचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी त्याला ग्रँडमास्टर होईपर्यंत इंजिनापासून लांब ठेवलं होतं, हे पुष्कळदा छापून आलंय. ते सगळ्यांना झेपणार नाही आणि सगळ्यांनी करावं असंही मी म्हणत नाही. आम्ही इथे एवढंच करतो: डाव संपला की मुलाने आधी आपल्या वहीत, स्वतःच्या शब्दांत, डाव कुठे फिरला असं त्याला वाटतं ते लिहायचं. दोन-तीन ठिकाणं पुरे. प्रत्येकाला एक वाक्य, त्यात 'कारण' आलं पाहिजे. मग मोबाइल. इंजिनने वेगळंच ठिकाण दाखवलं तर वाद घालायचा: पटावर पुढच्या खेळ्या करून बघायच्या, इंजिनची खेळी न खेळता दुसरी खेळलो तर नेमकी शिक्षा काय होते ते हाताने शोधायचं. शिक्षा सापडली की तो आकडा मुलाचा स्वतःचा होतो. कधी कधी सापडतच नाही. इंजिनचं +०.४ पंचवीस खेळ्यांनंतरच्या कशावर तरी उभं असतं. तिथे मी मुलांना सरळ सांगतो, हे आपल्या उपयोगाचं नाही, सोडून द्या.

सईची आई

हे आजच करून पाहिलं. कालच्या स्पर्धेतला हरलेला डाव. तिने लिहिलं: "अठराव्या खेळीला घोडा कडेला नेला, कारण मला वाटलं तो तिथून राजावर जाईल. पण मग तो परत येऊ शकला नाही." मोबाइलने त्या खेळीवर काहीच खूण केलेली नाही, त्याच्या मते घोडचूक सव्विसाव्या खेळीला झाली. आता तिचं म्हणणं, मोबाइल चुकलाय. भांडण चालू आहे, स्वयंपाक राहिलाय.

कोडवाला

मोबाइलवर खोली (किती चाली पुढचं बघायचं ते) कमी ठेवलेली असते, पंधरा-वीसच्या आसपास. जास्त वेळ चालू ठेवा, अठराव्या खेळीचा आकडाही खाली येईल बघा. घोडा खरंच अडकला असेल तर तो परिणाम तेवढ्या खोलीत दिसला नसेल.

वऱ्हाडी

किंवा पोरगी बरोबर असंल आणि सव्विसावी चूक ही अठराव्याचीच पोर असंल. घोडा बाहेर बसल्यावर एका सोंगटीने कमी खेळत होती ना ती.

अडीच घर

दोन्ही शक्यता आहेत. पूर्ण डाव इथे टाका, सगळेच बघू. आणि सईला विचारा, घोडा परत यायला कुठलं घर हवं होतं आणि ते कोणी अडवलं होतं. ते तिला सांगता आलं तर कोडवाल्यांनी खोली वाढवून आलेला आकडा आपण त्याच्याशी ताडून पाहू.